गायकर बाईंना दिलेलं एक सत्र

गायकर बाई गेल्याचं कळलं तेव्हा मी पेणच्या छापखान्यात उभी होते. मशीन चालू होतं, त्यामुळे फोनवरचं धड ऐकू येत नव्हतं. बाहेर रस्त्यावर आले तेव्हा बाईंची मुलगी वैशाली सांगत होती, "क्रांती, आई गेली गो. सकाळी चहा घेतला, खुर्चीत पेपर घेऊन बसली... मी कपडे वाळत घालून आले तर तशीच बसलेली." मी म्हटलं, येते. आत जाऊन छापखानेवाल्या काकांना सांगितलं, आज नाही होणार, पत्रकाचं उद्या बघू. त्यांनी कारण विचारलं. "माझ्या दुसरीच्या बाई गेल्या," मी म्हटलं. ते चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षांची बाई दुसरीच्या बाईंसाठी काम टाकून रोह्याला निघते, हे त्यांना जरा जास्तच वाटलं असावं.

त्याला आता पाच आठवडे झाले. या काळात मला अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत तेच विचारलं. दुसरीत असं शिकवतात तरी काय? बेरीज-वजाबाकी, चार कविता, पाळीव प्राणी आणि जंगली प्राणी. या प्रश्नाचा मला राग येतो, आणि राग आला की मी लिहिते. पण हा लेख रागाचा नाही. माझ्या दुसरीच्या पहिल्या सत्रात, म्हणजे जून ते दिवाळी या चार-साडेचार महिन्यांत, एका बाईने मला काय शिकवलं आणि त्याची तिला काय शिक्षा झाली, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. ती शिक्षा माझ्यामुळे झाली. ते मी तेवीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

आमचं गाव पेण तालुक्यात, खाडीला लागून. बांधाच्या आत भातशेती आणि बांधाबाहेर खाडी. पावसाळ्यात भात, दिवाळीनंतर बायका मिठागरावर. बाबा शेती करायचे, पण त्यांचा खरा जीव पत्रकात. बांध दुरुस्त होत नाही, काढा पत्रक. नळाला पाणी नाही, काढा पत्रक. आमच्या घरी देवाच्या फोटोपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. मजकूर लिहून झाला की बाबा जेवायच्या पाटावर तो मोठ्याने वाचायचे, आईला ऐकवायचे, शब्द बदलायचे, पुन्हा वाचायचे. आई म्हणायची, "व्हय व्हय, झाक लिवलंय, आता भात खा." मी शेजारी बसून ऐकायची. पाच वर्षांची असताना एका सभेत बाबांनी मला टेबलावर उभं केलं, हातात पत्रक दिलं, आणि मी ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत घडाघडा वाचून दाखवलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, "पोरगी नाय, वीज हाय." त्यानंतर प्रत्येक सभेची सुरुवात माझ्या वाचनाने व्हायची. पहिलीच्या प्रगतिपुस्तकात माझ्या वाचनापुढे "उत्तम" असा शेरा होता.

दुसरीला गायकर बाई आल्या. रोह्याहून सकाळच्या गाडीने पेणला यायच्या, तिथून मिळेल त्या रिक्षाने आमच्या गावात. खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी चपला, आणि शाळेच्या पायरीवर आल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, "कोण कोण जेवून आलंय?" पहिल्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, घरात छापलेलं जे काही असेल ते घेऊन या आणि वाचून दाखवा. कुणी खताची पिशवी आणली, कुणी बिस्किटाचा कागद, एकाने तर औषधाची रिकामी पट्टी. मी अर्थातच पत्रक आणलं. उभी राहिले, मूठ आवळली आणि बांधाच्या प्रश्नावर असं काही वाचलं की शेजारच्या वर्गातली मुलं दारात आली. बाईंनी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला थांबवून घेतलं. "क्रांती, हे पत्रक कशाचं गो?"

"बांधाचं."

"बरं. बोललीस फार छान. पण ह्या कागदावर ते नाय. हे नळाच्या पाण्याचं पत्रक हाय."

मी घाईत गठ्ठ्यातलं चुकीचं पत्रक उचलून आणलं होतं. हातात पाणी होतं आणि तोंडात बांध. पत्रकांच्या घरातलं मूलच अशी चूक करू शकतं. मला वाचता येत नव्हतं. एक अक्षरसुद्धा नाही. बाबांच्या तोंडून ऐकून सगळं पाठ व्हायचं, पहिलीचं पुस्तकही तसंच पाठ झालं होतं, आणि मला स्वतःला वाटायचं की वाचणं म्हणजे हेच. कागद हातात धरायचा आणि जे येतं ते म्हणायचं. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की बाकीची मुलं काहीतरी वेगळंच करतात. मी रडायला लागले. रडता रडता एकच म्हणत होते, बाबांना सांगू नका.

बाईंनी पदराने माझं नाक पुसलं. "नाय सांगणार. पण तू मला एक सत्र दे. दिवाळीपर्यंत रोज मधली सुट्टी माझी. मान्य?" मी मान हलवली. "आणि मी कुणालाच नाय सांगणार. ठरलं म्हणजे ठरलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याच पत्रकाला कात्री लावली. मी किंचाळले. आमच्या घरी पत्रकावर पाय पडला तर नमस्कार करायला लावत, आणि ही बाई सरळ कात्री चालवतेय! त्यांनी एकेक शब्द कापून वेगळा केला, सगळे तुकडे एका पत्र्याच्या डब्यात टाकले आणि डबा हलवला. "आता काढ एकेक." पाठ केलेलं सगळं तिथे निरुपयोगी झालं, कारण ओळीच नव्हत्या. मी तुकडा काढायची, अक्षरं जुळवायची, कपाळावर घाम यायचा. मी खरोखर वाचलेला पहिला शब्द होता "नाही". दोन आठवडे लागले. मग तुकड्यांची वाक्यं लावायचा खेळ सुरू झाला. एकदा माझं वाक्य झालं, "सरकार आमचा बांध खातो." बाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "तुझ्या बाबांपेक्षा चांगलं लिवलंस," म्हणाल्या.

पण त्या सत्रात फक्त वाचन झालं असं नाही. गणितात आम्हाला हातचा शिकायचा होता. फळ्यावर तो कुणाच्याच डोक्यात शिरेना. दहा झाले की एक वर का जातो? बाईंनी माझ्या आईला शाळेत बोलावलं. आई पदर सावरत आली, लाजली, "मी काय शिकवणार गो बाई, माझं शाळंशी नातं नाय." बाई म्हणाल्या, मिठागरावर टोपल्या कशा मोजता तेवढं दाखवा. आईने दाखवलं. डोक्यावरून टोपली टाकायची, दहा टोपल्या झाल्या की एक खडा बाजूला ठेवायचा आणि पुन्हा एकपासून मोजायचं. "तोच खडा म्हणजे हातचा," बाई म्हणाल्या. आमच्या वर्गातल्या एकाही मुलाचा हातचा त्यानंतर चुकला नाही. आणि आई घरी जाऊन बाबांना म्हणाली, "आज मी मास्तरीण झालंय, तुमचं ताट तुम्ही घ्या."

परिसर अभ्यासाला भरती-ओहोटी होती. बाई रोह्याच्या कुंडलिका नदीच्या काठच्या, पण शहरातल्या, त्यांना आमची खाडी नवीन. त्यांनी ते लपवलं नाही. "मला शिकवा," म्हणाल्या. उघाडी म्हणजे बांधातलं पाणी सोडायचं दार, त्याच्या दगडी पायऱ्या शाळेतून दिसायच्या. रोज घंटा झाली की दोघांनी धावत जायचं आणि पाणी कितव्या पायरीला आहे ते बघून यायचं. महिन्याभराने फळ्यावर सगळ्या पायऱ्या मांडल्या तेव्हा दिसलं की पाणी रोज आदल्या दिवसापेक्षा उशिरा येतं, आणि अमावस्या-पुनवेला उधाण येतं. आमच्या आजोबांना हे माहीत होतंच. पण आम्ही ते मोजलं होतं. पाठ असणं आणि मोजलेलं असणं यातला फरक मला तिथे कळला... तेव्हा शब्दांत सांगता आला नसता. चित्रकलेला पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यातून उरलेली शाडू माती आणली, तर पोरांनी तिचा बांध केला आणि त्यावर तांब्याने पाणी ओतून तो फोडला. बाई रागावल्या नाहीत, उलट विचारलं, "आधी कुठनं फुटला?" खेळाच्या तासाला लंगडी, कवितेच्या तासाला चाल लावून कविता. दुसरीत काय शिकवतात म्हणे!

त्याच वर्षी आश्विनातल्या पुनवेच्या उधाणाला खराच बांध फुटला. आमच्याकडे त्याला खांड गेली म्हणतात. खारं पाणी पिकलेल्या भातात शिरलं. बाबांनी एका बैठकीत पत्रक लिहिलं आणि पेणला छापायला टाकलं. दर वेळी ते मला आधी ऐकायला मिळायचं. या वेळी छापखान्यात वीज नव्हती, पत्रकं सभेच्या वेळेलाच गावात आली, आणि बाबांनी मजकूर शेवटच्या क्षणी तिथेच बदलला होता. देवळापुढे सगळं गाव जमलेलं, शेजारच्या गावातलीही माणसं. बाबांनी मला टेबलावर उभं केलं आणि ताजं पत्रक हातात दिलं. मी गर्दीत बघितलं. बाई मागे, पिंपळाच्या पाराजवळ उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांनी परतीची गाडी सोडली होती.

मला पळून जाता आलं असतं. जुनं बांधाचं पत्रक पाठ होतं, तेही म्हणता आलं असतं, कुणाला कळलं नसतं. पण मी वाचलं. एकेक शब्द. "आ-ज... आप-ल्या... शे-ता-त..." अकरा ओळी वाचल्या. गर्दी चुळबुळायला लागली. पुढे बसलेली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "काय गो, पोरीला दृष्ट लागली काय? पयलं कशी घडाघडा वाचायची!" कुणीतरी हसलं. "नुकसानभरपाई" या शब्दावर मी अडले. बाबा खालून शब्द सांगायला लागले, एकदा, दोनदा, मग त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला आणि स्वतः वाचून टाकला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत खरं वाचन ते होतं, आणि गावाला ते माझं पडणं वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाबा शाळेत आले. मी दाराच्या बाहेर उभी होते.

"बाई, पहिलीत माझी पोरगी सभा गाजवायची. चार महिन्यांत तुमी तिला अडखळायला शिकवलंत."

"व्हय," बाई म्हणाल्या. "माझ्या हाताखाली झालं ते."

"म्हणजे कबूल करता?"

"ती अडखळते हे खरं हाय. पुढच्या सत्रात बघा."

"पुढच्या सत्राची कुणाला गरज हाय? बांध आज फुटलाय!"

बाईंना एक वाक्य बोलून सुटता आलं असतं. तुमच्या मुलीला वाचता येत नव्हतं, मी शिकवलं. त्या बोलल्या नाहीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, न जाणो बाबांची नजर त्यामागे जाईल. सत्राच्या शेवटी प्रगतिपुस्तक आलं. वाचनापुढे त्यांनी लिहिलं होतं, "शिकते आहे." बाबांच्या दृष्टीने "उत्तम"वरून "शिकते आहे"वर येणं हा पुरावाच होता. त्यांनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला, शिक्षिकेच्या हलगर्जीपणामुळे माझ्या पाल्याचे नुकसान, वगैरे. अर्ज लिहिण्यात बाबांचा हात कुणी धरू शकत नसे. बाईंना खुलासा द्यावा लागला. त्यात त्यांनी काय लिहिलं ते मला कधी कळलं नाही. पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली झाली, रोह्याच्या बाजूला एका शाळेत. बदल्या होतच असतात, तेव्हा ती अर्जामुळेच झाली असं मी म्हणणार नाही. पण नाही झाली असंही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. दुसरीचं वर्ष संपेपर्यंत मात्र बाईच होत्या. मार्चमध्ये मी घडाघडा वाचत होते. तेव्हा बाबा म्हणाले, "बघ, अर्जाचा परिणाम."

आणि मी गप्प बसले. सात वर्षांची होते, हे समजण्यासारखं आहे. पण मी सतराची झाले, पंचविशीची झाले, स्वतः पत्रकं लिहायला लागले, इतरांनी सत्य लपवलं म्हणून त्यांच्यावर आग पाखडायला लागले, तरी गप्पच. बाबा अधूनमधून तो किस्सा सांगायचे, एका बाईंना आपण कसं ताळ्यावर आणलं ते. मी तिथून उठून जायची.

बाईंकडे मात्र जायची. कॉलेजला असताना एकदा रोहा स्टेशनवर त्या दिसल्या आणि मग जाणं-येणं सुरू झालं. माझी पत्रकं त्या मागून घ्यायच्या आणि लाल पेनाने तपासून परत द्यायच्या. "इथे 'लाखो लोक' लिवलंयस. मोजलेस?" मी चिडायची. "बाई, हा लढा आहे, दुसरीचं गणित नाही." त्या म्हणायच्या, "मग दुसरीतल्या पोराला पटंल असं लिव." गेल्या पावसाळ्यात शेवटची भेट झाली. त्यांचे गुडघे फार दुखत होते, तरी चहा त्यांनीच केला. मी धीर करून विचारलं, "त्या दिवशी बाबांना सांगितलं का नाही तुम्ही?"

"तू मला सत्र दिलंस ना? मग मी शब्द मोडू?"

"पण तुमची बदली झाली..."

"अगो, मला घर जवळ पडलं. पेणची गाडी सुटली एकदाची." मग म्हणाल्या, "तुझ्या बाबांना तू सांगितलंस?"

मी मान हलवली, नाही. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला. "सांग की. आता काय टेबलावर उभी करणार हायत तुला?" आणि खूप हसल्या.

मी सांगितलं नाही. पुढच्या वेळी बाबांना सांगूनच येईन आणि बाईंना तसं कळवीन, असं मनात ठरवलं होतं. पुढची वेळ आली नाही.

बाईंच्या दहाव्याला रोह्याच्या नदीकाठी जाऊन मी घरी आले तेव्हा बाबा ओट्यावर बसून वाल निवडत होते. ते आता सत्तरीला आले आहेत. "बरं झालं गेलीस," म्हणाले, "आपलं भांडण झालं तरी बाई वाईट नव्हती." मी चपला न काढता तिथेच पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. पाठ केलेली पत्रकं, नळ आणि बांध, कात्री, डबा, पिंपळाचा पार. आई आतून आली आणि दाराला टेकून उभी राहिली. बाबांचे हात थांबले होते.

"मग तो अर्ज खोटा होता," बाबा म्हणाले.

"खोटा नव्हता बाबा. तुम्हाला माहीत नव्हतं. चुकीचा होता."

"लिहिणाऱ्याला दोनी सारखंच."

ते उठले. मला वाटलं, रागावून आत गेले. पण ते कागद घेऊन आले. आमच्या घरात एक नियम आहे, मी तो बाबांकडूनच शिकले. पत्रकात चूक गेली तर कुजबुजत माफी मागायची नाही, जेवढ्या उघडपणे चूक केली तेवढ्याच उघडपणे खुलासा छापायचा. बाबांनी तो लिहायला दोन दिवस घेतले. आयुष्यात इतकं लहान पत्रक त्यांनी कधी लिहिलं नव्हतं. एकही विशेषण नाही. पहिली प्रत वैशालीला पाठवली, दुसरी कचेरीत दिली, तिथल्या तरुण कारकुनाला काही उमगेना, पण त्याने पोच दिली. वैशालीचा फोन आला. ती रडत होती. मग म्हणाली, "आईच्या खुर्चीवर ठेवलंय."

परवा बाबांना घेऊन मी शाळेत गेले. तीच खोली. फळा नवा, खिडकीतून उघाडीच्या पायऱ्या अजून दिसतात. आता सगळ्या वर्गांची मिळून थोडीच मुलं उरली आहेत. गुरुजी तरुण आहेत. खुलाशाची एक प्रत भिंतीवर लावा, एवढंच बाबांना म्हणायचं होतं. गुरुजींनी तो कागद वाचला, आमच्याकडे बघितलं, आणि दुसरीतल्या एका मुलीला उभं करून तिच्या हातात दिला. "वाच गो, मोठ्यानं."

ती वाचायला लागली. "मा-झी मुल-गी... स-भे-त... अड-खळ-ली. का-रण... त्या दि-वशी... ती... पहि-ल्यां-दा... ख-रं... वा-चत हो-ती. या-चं..." इथे ती थांबली. पुढचा शब्द अवघड जोडाक्षराचा होता. तिने तोंडातल्या तोंडात एक-दोनदा करून बघितलं. मागून एक मुलगा शब्द सांगायला उठला, बाबांनी हात करून त्याला खाली बसवलं. शब्द त्यांचा स्वतःचा होता. त्यांचे ओठ हलले आणि मिटले. मधल्या सुट्टीची घंटा झाली, कुणी हललं नाही. बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले, त्या मुलीला जेवढा वेळ लागेल तेवढा.

"श्रेय," ती म्हणाली, आणि बोट पुढच्या शब्दाखाली सरकवलं. "बा-ईं-चं."